धुळ्याची थंडी झेलली म्हणून बनारसची झेपेल का?

प्रश्न थोडक्यात असा: धुळ्याच्या एका ताईंचा धाकटा भाऊ यंदा बनारस हिंदू विद्यापीठात एम.एस्सी.ला जातोय, राहणार वसतिगृहात. धुळ्यात पारा ७ अंशांवर असतानाही हा पोरगा पहाटे हाफ स्वेटरवर क्लासला जायचा. मोबाइलवर बनारसचं जानेवारीतलं सरासरी किमान तापमान ९ अंशांच्या आसपास दिसतंय, म्हणजे धुळ्याच्या कडाक्यापेक्षा जास्तच. मग रजाई, थर्मल, हीटर वगैरे सगळं खरंच लागतं का, की आईची हौस?

ताई, आकडे तुम्ही बरोबर वाचलेत, फक्त रकाना दुसरा वाचायला हवा होता. बनारसच्या हिवाळ्यात माणसाला घाईला आणतं ते दुपारचं कमाल तापमान. आपल्याकडची माणसं तिकडे आजारी पडतात ती बहुतेक याच हिशेबाच्या चुकीने. वसतिगृहांच्या देखभालीच्या कामात दर वर्षी नवी मुलं बघतो. महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक जण नोव्हेंबरात म्हणतो, 'एवढीच का थंडी?' आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रजाईचं दुकान विचारत येतो.

खान्देशातली थंडी आठवा. पहाटे ७ अंश, आणि दुपारी दोनला २८. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. रात्री जमीन भराभर निवते आणि सूर्य वर आला की तितक्याच भराभर तापते. सकाळी दहापर्यंत शेकोटीशी किंवा गोधडीत काढलं की दिवस मोकळा. भिंती तापतात, गादी तापते, दोरीवरचे कपडे दोन तासांत कडक होतात. शरीराला रोज सुट्टी मिळते.

बनारसला धुक्याचा दिवस असा असतो: पहाटे ८, दुपारी १४, रात्री १०. चोवीस तासांत फरक सहा अंशांचा. सूर्य दिसतच नाही, किंवा दिसला तर दुपारी एक ते तीन फिकट थाळीसारखा. हवेत ओल इतकी की सकाळी खिडकीच्या काचेवरून आतल्या बाजूने पाणी ओघळतं. असे दिवस एखादं वर्षी तुटक येतात, एखादं वर्षी आठ-दहा दिवस सलग. खोली गरम करायची सोय बहुतेक वसतिगृहांत नसते. विटांच्या जाड भिंती पहिले दोन-तीन दिवस साठवलेली ऊब देतात. ती संपली की पुढे त्याच भिंती खोली गार ठेवतात. पाचव्या दिवशी दुपारी खोलीत बसण्यापेक्षा बाहेर उभं राहिलेलं बरं वाटतं, ते यामुळेच.

तुम्हाला दिसलेली महिन्याची सरासरीही त्यामुळे फसवी आहे. जानेवारीतलं सरासरी कमाल तापमान २२ अंशांच्या आसपास दिसतं. पण त्या सरासरीत १४ अंशांचे धुरकट दिवसही असतात आणि महिनाअखेरचे २५ अंशांचे छान उन्हाचे दिवसही.

असं का होतं ते समजून घेतलं तर तयारी सोपी जाते. हिमालयाच्या पायथ्यापासून गंगेपर्यंत सगळा सपाट मुलूख, त्यात डिसेंबरात गव्हाला पाणी दिलेलं, म्हणजे माती ओली. पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा, येऊन गेला की थोडा पाऊस किंवा निदान दमटपणा ठेवून जातो. मग आभाळ निरभ्र होतं, वारा पडतो, रात्री जमीन निवते आणि जमिनीलगतची ओली हवा थंड होऊन धुकं धरतं. वर गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे धूर, धूळ आणि ओल सगळं खालीच अडकतं. चांगल्या दिवशी दहा-अकराला धुकं विरतं. वाईट दिवशी ते विरत नाही, नुसतं थोडं वर उचललं जातं आणि ढगासारखं दिवसभर डोक्यावर राहतं. रस्ता स्वच्छ दिसतो, पण ऊन नाही. सगळ्यात जास्त कुडकुडायला लावतात ते हे दिवस.

थंडीचा दुसरा प्रकारही आहे. झंझावात पुढे सरकला की पश्चिमेकडून कोरडा गार वारा सुटतो, तिकडे त्याला पछुआ म्हणतात. तेव्हा धुकं पळतं, लख्ख ऊन पडतं, पण पहाटेचा पारा ५-६ पर्यंत उतरतो आणि वारा अंगाला झोंबतो. ही थंडी तुमच्या भावाच्या ओळखीची. तिला वारा अडवणारं जाकीट पुरतं. धुक्याच्या थंडीला मात्र नुसतं जाकीट पुरत नाही, तिथे कोरडं राहणं महत्त्वाचं.

हवामान खात्याचा अंदाज वाचताना म्हणूनच दोन शब्द वेगळे धरा. मैदानी भागात शीतलहर जाहीर होते ती किमान तापमानावरून: पारा १० किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त खाली, किंवा थेट ४ अंशांवर वा त्याखाली. 'शीत दिवस' ठरतो तो कमाल तापमानावरून: किमान १० किंवा कमी असताना दुपारचं तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त उतरलं तर. साडेसहा किंवा जास्त उतरलं तर 'तीव्र शीत दिवस'. भावाला सांगा, अंदाजात 'शीत दिवस' दिसला की त्याच दिवशी कपडे धुऊन घे, पुढचे चार दिवस काही वाळणार नाही. धुक्याचंही मोजमाप आहे: २०० मीटरच्या आत दिसेनासं झालं की दाट, ५०च्या आत अतिदाट. अतिदाट धुक्यात सायकल हातात धरून चालत गेलेलं बरं. ई-रिक्षावाले दिवे लावतीलच असं नाही.

आता यातलं किती तुमच्या भावाच्या वाट्याला येईल हे खोलीवर आहे. दक्षिणेकडे खिडकी असलेली, मधल्या मजल्यावरची खोली मिळाली तर निम्मं काम झालं. तळमजल्यावर ओल जास्त. सगळ्यात वरचा मजला रात्री छतातून गार होतो, पण तिथे गच्ची जवळ, म्हणजे ऊन पडलं की गादी वर नेता येते. उत्तरेकडची तळमजल्याची खोली असेल तर मी खाली सांगतोय ते सगळं करा, नाहीतर निम्म्यावर भागेल. दम्याचा किंवा सर्दी छातीत उतरण्याचा त्रास असेल तर हिशेब वेगळा, त्याबद्दल पुढे.

अंथरुणापासून सुरू करू, कारण रात्र नीट गेली तर बाकी दिवस निभतो. नवी मुलं वरून दोन-दोन ब्लँकेटं घेतात आणि तरी पाठ गार पडते म्हणून तक्रार करतात. थंडी खालून येत असते. वसतिगृहाची गादी जुनी, दबलेली, तिच्यात हवा उरलेली नसते आणि खाट लोखंडी पट्ट्यांची. तेव्हा घरची जाड गोधडी पांघरायला नको, अंथरायला द्या: खाटेवर आधी पुठ्ठा किंवा चटई, त्यावर गादी, त्यावर गोधडी, मग चादर. पांघरायला एक सुती रजाई, साधारण तीन किलो रुईची, आणि तिच्या आत अंगालगत एक पातळ लोकरी किंवा फ्लीसचं ब्लँकेट. कापूस आपल्याकडचाच चांगला हे खरं असलं तरी रजाई धुळ्याहून नेऊ नका. ट्रेनमध्ये तिची जागा दोन माणसांची, आणि तिथे नोव्हेंबरात पिंजून भरून मिळते.

सुती रजाईचा एक दोष माहीत असू द्या. ती ओल पिते. आठ दिवस ऊन मिळालं नाही की जड होते आणि ऊब देत नाही. म्हणून तिला सुती खोळ घाला आणि सकाळी उठल्याबरोबर घडी करू नका. अंगाच्या वाफेने ती रात्रभरात दमट झालेली असते, तासभर खाटेवर उलटी पसरून ठेवा. ऊन पडलं की सगळं सोडून आधी रजाई बाहेर. ज्याच्या खोलीला ऊनच नाही त्याने फायबर भरलेली रजाई घ्यावी. ती अंगावर तितकी छान बसत नाही, पण ओल धरत नाही.

खाट भिंतीपासून सहा इंच सरकवून ठेवा. भिंतीला लागलेली रजाई सकाळी ओली लागते आणि कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके धरतात. रात्री दारं-खिडक्या घट्ट बंद करून फटीत कागद कोंबणारी मुलं असतात, त्यांची खोली सर्वांत जास्त ओलसर होते. वरचा झरोका बोटभर उघडा राहू द्या. ऊन असलेल्या दिवशी बारा ते तीन खिडकी पूर्ण उघडा, चारला बंद करा.

कपड्यांत खरेदी कमी आणि क्रम जास्त महत्त्वाचा. अंगालगत थर्मल, ज्याला दुकानदार इनर म्हणतात, त्याचे दोन जोड. त्यावर पूर्ण बाह्यांचं स्वेटर, त्यावर वारा अडवणारं, टोपीवालं जाकीट. थर्मलच्या आत सुती बनियन घालायची सवय आपल्या घरांत आहे, ती तिथे मोडते. विद्यापीठाचा परिसर तेराशे एकरांचा, वसतिगृहातून विभागापर्यंत सायकल मारली की घाम येतो, सुती बनियन तो पिऊन बसते आणि मग गार प्रयोगशाळेत दोन तास पाठीला ओलं फडकं चिकटलेलं असतं. सायकल चालवताना जाकिटाची चेन उघडी ठेवावी आणि पोचल्यावर लावावी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

कानटोपी कान पूर्ण झाकणारी हवी. हातमोजे दोन जोड, त्यातला एक बोटं उघडी असलेला, खोलीत लिहायला. मोजे सहा जोड, त्यातले दोन लोकरीचे. बूट बंद, आणि दोन जोड असतील तर आलटून पालटून घाला, कारण आतून दमट झालेला बूट एका रात्रीत वाळत नाही. जीन्स मात्र कमी न्या. ती गार पडते आणि धुक्यात वाळायला तीन-तीन दिवस घेते. आतून अस्तर असलेल्या ट्रॅकपँट दोन घ्या. अभ्यासाला तीन-चार तास एका जागी बसायचं असतं आणि फरशी पावलांतून ऊब ओढून घेते, तेव्हा टेबलाखाली जुन्या गोधडीचा तुकडा किंवा तागाचं पोतं टाका. एवढ्याने हीटरची आठवण निम्मी होते.

न वाळणाऱ्या कपड्यांचा प्रश्न पहिल्या वर्षी कुणी गंभीरपणे घेत नाही. आतले कपडे दहा-बारा जोड न्या, कारण दोन-तीन दिवस ते दोरीवरच असतात. यंत्रात पिळून निघतील अशी सोय असेल तर वापरा. नसेल तर पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा पिळा, मग पंख्याखाली पसरून टांगा. हो, जानेवारीत पंखा, खोलीत कुणी नसताना. अर्धवट ओला कपडा घातला की जांघेत, काखेत नायटा उठतो आणि तिथल्या दमट हवेत तो लवकर हटत नाही. हीटरवर किंवा रॉडवर कपडे वाळवू नयेत हे सांगायला नको, तरी सांगतो.

आता पाणी आणि वीज, इथे जरा जपून. टाकीतलं पाणी धुक्याच्या दिवसांत १४-१५ अंशांचं असतं आणि गच्चीवरचे सोलर बंब नेमके याच दिवसांत निकामी. अंघोळ पहाटेच झाली पाहिजे हा घरचा नियम तेवढ्या दिवसांपुरता बाजूला ठेवून दुपारी एक-दोनला करावी. पाणी तापवायचा रॉड बहुतेक वसतिगृहांत मना असतो आणि त्याला कारण आहे. दीड हजार वॉटचा रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, आणि खोलीतला साधा प्लग असतो ६ अँपिअरचा. तो तापतो, मऊ होतो, एक दिवस काळा पडतो. दोन हजार वॉटचा ब्लोअर तर पावणेनऊ अँपिअर खातो. त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लगच हवा, एक्स्टेंशन बोर्ड चालत नाही. बाहेर भाड्याच्या खोलीत राहायची वेळ आलीच तर खोली बघताना मोठा प्लग आहे का हे आधी बघा.

रॉड परवानगीने वापरत असाल तर क्रम असा: बादलीत पाणी, मग रॉड खुणेपर्यंत बुडवून, मग बटण. काढताना आधी बटण बंद, प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. 'बघू तापलं का' म्हणून चालू असताना बोट घालायचं नाही. १५ लिटर पाणी १४ वरून ४० अंशांवर न्यायला दीड हजार वॉटचा रॉड अठरा-वीस मिनिटं घेतो, तेवढा गजर लावा. प्लॅस्टिकच्या बादलीत रॉड कडेला किंवा तळाला टेकता कामा नये.

सगळ्यात गंभीर गोष्ट कोळशाच्या शेगडीची. बंद खोलीत शेगडी किंवा अंगीठी ठेवून झोपायचं नाही, विझत आलेली तर मुळीच नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस झोपेतच जातो. उत्तरेत अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गिझर असलेल्या, खिडकी नसलेल्या न्हाणीघरातही हाच धोका. तिथे गिझरने बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, दार थोडा वेळ उघडं ठेवायचं, मग अंघोळ. डोकं जड वाटलं, मळमळलं की आधी बाहेर मोकळ्या हवेत. रात्रीच्या उबेला यापेक्षा गरम पाण्याची रबरी पिशवी चांगली: दोन तृतीयांश भरायची, दाबून हवा काढायची, उकळतं पाणी घालायचं नाही, टॉवेलात गुंडाळून झोपायच्या पंधरा मिनिटं आधी पायाशी ठेवायची.

शरीराची कुरकुरही आपल्याकडच्यापेक्षा वेगळी असते. खान्देशात ओठ फुटतात, टाचा भेगाळतात. तिथे धुक्याच्या दिवसांत हातापायांची बोटं लालजांभळी होऊन सुजतात, संध्याकाळी ऊब मिळाली की भयंकर खाज सुटते. गार, दमट राहिलेल्या बोटांना एकदम शेक दिला की हे होतं. म्हणून सायकलवरून आल्यावर हात थेट हीटरपुढे किंवा गरम पाण्यात नाही, आधी कोरडे पुसून काखेत धरायचे. मोजे ओलसर वाटले की लगेच बदलायचे. फोड आले किंवा कातडी फुटली तर डॉक्टर.

दम्याचा त्रास असेल तर ऑक्टोबरातच डॉक्टरांना दाखवून इनहेलर सोबत ठेवा. धुक्यात सकाळी धूर जमिनीलगत अडकलेला असतो, पहाटेचं धावणं तेवढे दिवस बंद करून संध्याकाळी चारला करा. संध्याकाळ म्हणजे चारच, कारण बनारस आपल्या पूर्वेला आहे. डिसेंबरअखेर तिथे सव्वापाचला सूर्य मावळतो, जळगावपेक्षा चाळीस मिनिटं आधी. सहाला काळोख. तहान लागत नाही म्हणून मुलं पाणी पीत नाहीत आणि मग डोकं दुखतं म्हणतात.

खाण्याची मात्र चैन असते. कुल्हडमधलं मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, फक्त हिवाळ्यातच मिळतं, आणि पोहे नि ताज्या मटारचा चूडा-मटर सकाळच्या थंडीला चांगला. तुम्ही डिंकाचे आणि मेथीचे लाडू द्या, ते तिकडे महिनाभर टिकतात. भरीत आणि कळण्याच्या भाकरीची सोय काही होणार नाही, तिथले भंटे, म्हणजे वांगी, वेगळे आणि भाकरी करणारंही कुणी सापडत नाही.

तारखांचा अंदाज: नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पातळ स्वेटर संध्याकाळपुरतं. डिसेंबरचा पहिला पंधरवडा तर बनारसमधला सर्वांत सुखाचा. साधारण २० डिसेंबर ते २० जानेवारी हा खरा कठीण महिना. संक्रांत झाली, तिकडे तिला खिचडी म्हणतात, की ऊन हळूहळू जोर धरतं, पण एखादा झंझावात जानेवारीअखेरही थंडी फिरवून आणतो. फेब्रुवारीच्या मध्याला रजाई बांधून ठेवता येते. म्हणून जुलैत निघताना गोधडी, थर्मलचा एक जोड, कानटोपी एवढंच द्या. जाकीट, रजाई, लोकरी मोजे तिथेच नोव्हेंबरात घ्यावे. हंगामात लुधियानाचा माल उतरतो आणि तो आपल्या बाजारातल्यापेक्षा जाड असतो. धुळ्यात जाड वाटणारं स्वेटर तिथे आतला थर म्हणून चालतं, वरचा म्हणून नाही.

राहिला प्रवास. भुसावळहून महानगरी, कामायनी आहेत, नंदुरबार-जळगाव-भुसावळ करत ताप्ती-गंगाही जाते. जाताना उशीर सहसा शेवटच्या टप्प्यात, गंगेच्या मैदानात उतरल्यावर होतो. येतानाचा उशीर वेगळा: परतीची गाडी बहुधा इकडून बनारसला गेलेल्या डब्यांचीच सुटते. म्हणून येताना आपल्या गाडीबरोबरच तिची जोडगाडी बनारसकडे किती उशिरा चालली आहे ते आदल्या संध्याकाळी बघायचं. ती आठ तास मागे असेल तर पहाटे चारला फलाटावर जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. धुक्याच्या हंगामात काही गाड्या रेल्वे आधीच रद्द करते, त्यामुळे आरक्षणाआधी तेवढं तपासा. गाडी चढण्याच्या स्थानकावर तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि जायचं रद्द केलं, तर गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत ऑनलाइन टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरला की पूर्ण पैसे परत मिळतात. विमानाने यायचं झालं तर बनारसच्या बाबतपूर विमानतळावरून दुपारचं घ्या. सकाळच्या विमानांना धुकं अडवतं, आणि पुढचं जोडविमान चुकलं की स्वस्त तिकीट महाग पडतं.